रिकामी अंबारी आणि रिकामी खुर्ची

काही कथांवर आपण मनात राग धरून बसतो. कथा वाईट असते म्हणून नव्हे. वाईट कथा दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. राग येतो तो, जिने मोठी आशा लावली आणि ऐन वेळी हातावर तुरी दिल्या तिचा. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेवर माझा असा राग पुष्कळ वर्षे होता. एरवी नारळीकरांच्या कथा मी आवडीने वाचीत आलो. 'कृष्णविवर', 'उजव्या सोंडेचा गणपती' यांची तर पारायणे केली. पानिपताची कथा आली, की मात्र पाने उलटून पुढे जाई. 20 मे 2025 रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. ज्या लेखकाने आपल्याला एवढा आनंद दिला त्याच्याशी आपले एकच भांडण उरले आहे. ते मिटवावे, निदान नीट मांडावे, अशा विचाराने मी ती कथा पुन्हा हाती घेतली. त्या फेरवाचनाची ही हकीकत.

कथा बहुतेकांच्या वाचनात असेल. निदान अकरावीच्या मुलांच्या तरी असेलच, कारण तिचा संक्षिप्त इंग्रजी अवतार 'दि ॲडव्हेंचर' या नावाने 'हॉर्नबिल' या एन.सी.ई.आर.टी.च्या पाठ्यपुस्तकात आहे. तरीही थोडक्यात सांगतो. प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे नामांकित इतिहासकार. पाच खंडांचा इतिहास त्यांच्या नावावर, आणि 999 सभांचा अनुभव पाठीशी. हजारावे अध्यक्षीय भाषण पानिपतावर व्हायचे आहे. मराठे पानिपतावर जिंकले असते तर, हा विचार डोक्यात घोळत असताना त्यांना एका ट्रकची धडक बसते, आणि पंत ज्या जगात जाऊन पडतात तेथे मराठे खरोखरच जिंकलेले असतात. जिजामाता एक्स्प्रेस त्यांना डेक्कन क्वीनहूनही वेगाने मुंबईकडे नेते. वाटेत सरहद्दीवर परवाने तपासले जातात, कारण मुंबईत अजून इंग्रज आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनीही बुडालेली नाही. पंत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःचेच खंड उघडतात, तो पाचव्या खंडात 1761 पासून पुढचा सारा इतिहास निराळा! भाऊसाहेबांची बखर काढून पाहतात, तो विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे त्यांना लागतच नाही, कानाजवळून निघून जाते.

येथपर्यंत आम्ही वाचक श्वास रोखून बसलेले. आता हे विजयी राज्य पाहायला मिळणार, पुणे दिसणार, दिल्ली दिसणार! आणि लेखक काय करतो? पंतांना जेवूखाऊ घालून आझाद मैदानावर फिरायला पाठवतो. तेथे एक व्याख्यान चालू आहे. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची आहे, पण तीवर कोणीच नाही. हा अनर्थ पंतांना पाहवत नाही. लोखंड चुंबकाकडे ओढले जावे तसे ते खुर्चीकडे जातात, बसतात आणि बोलू लागतात. लोक ओरडतात, की अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार हे सगळे आम्ही केव्हाच बंद केले आहे, आम्हांला फक्त वक्त्याला ऐकायचे आहे. पंत ऐकत नाहीत. मग टोमॅटो, अंडी आणि हाताला येईल ते. त्या झटापटीत पंत त्या जगातून नाहीसे होतात आणि या जगातल्या आझाद मैदानावर सापडतात.

पहिल्या वाचनात मी पुस्तक मिटून ठेवले ते येथे. पानिपतासारखा विषय, आणि त्याचा शेवट टोमॅटोंनी!

माझा राग थोडा गावाच्या मातीतूनही आला असेल. आमचा जुना जालना पुण्यापासून दूर, कुंडलिकेच्या काठाला. पण पानिपत आम्हांला दूरचे नाही. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामावर विजय मिळवून सदाशिवरावभाऊ परतायच्या बेतात होते. उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याच्या बातम्या आल्या, आणि परतूरच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांनी भाऊंना उत्तरेकडे पाठवायचे ठरवले. ते परतूर आज आमच्याच जालना जिल्ह्यात तालुक्याचे गाव आहे. नांदेडकडे जाणारी गाडी तेथे थांबते, चहा मिळतो, आणि येथून एक लाखाचे भवितव्य उत्तरेला निघाले होते हे फलाटावरच्या कोणाच्या ध्यानीमनीही नसते. जुन्या जालन्याच्या गल्लीत आनंदी स्वामींचे मंदिर आहे. ते महादजी शिंद्यांनी बांधले असे सांगतात. पानिपतावरून पायाला जन्माची जखम घेऊन परतले तेच हे महादजी. लहानपणी आषाढी एकादशीच्या गर्दीत त्या मंदिराच्या पायऱ्या चढताना, एक लंगडा सरदार येथून कसा चढला असेल, असे माझ्या मनात येई. अशा माणसाला पानिपतावरचा विनोद सहज पचावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

परंतु फेरवाचनात पहिली चूक सापडली ती माझीच. पानिपतावर विनोद करण्याचे पाप नारळीकरांनी काही प्रथम केलेले नव्हते. पानिपत ही आपली जखम खरी. पण त्या जखमेचा वाक्प्रचार आपणच केला आहे. पोराचे गणितात पानिपत होते, व्याह्यांच्या पंगतीत आपल्या भुकेचे होते, निवडणुकीत पुढाऱ्याचे होते. कोणी विश्वास ठेवा म्हणाले, तर विश्वास पानिपतातच गेला असे आपण हसत सांगतो, आणि त्या हसण्यात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा मेलेला असतो हे विसरतो. दुःख फार मोठे असले, की समाज ते असे चिल्लर करून रोजच्या व्यवहारात वापरतो.

दुसरे असे, की 'जिंकलो असतो तर' हे स्वप्नही विज्ञानकथेने आणलेले नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेल्याचे अखेरपर्यंत मानले नाही; त्या सौभाग्यचिन्हांसह जगल्या. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला आणि माणसे त्याच्यामागे गेली. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला तरी पुष्कळांच्या मनातला संशय फिटला नाही. त्या बंडावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. म्हणजे इतिहासाला दुसरा शेवट हवा ही भूक पानिपताइतकीच जुनी. पार्वतीबाईंनी ती कुंकवाने भागवली, तोतयाच्या मागे गेलेल्यांनी अफवेने, आणि नारळीकर ती भागवायला गणित घेऊन आले. मी मात्र त्यांच्याकडे तोतयाच्या अनुयायासारखाच गेलो होतो: मला भाऊसाहेब जिवंत हवे होते, बाकी काही नको होते.

हे ध्यानात आल्यावर मी कथेचे शीर्षक प्रथमच नीट वाचले. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. मराठ्यांचे नव्हे, भाऊंचे नव्हे, गंगाधरपंतांचे. पंतांचा विषय पानिपत, आणि पंतांची फजिती हेही पानिपत. इंग्रजीत 'दि ॲडव्हेंचर' असे नाव देताच हा श्लेष नाहीसा होतो आणि कथा केवळ साहसाची उरते. मराठी शीर्षक पहिल्याच ओळीत बजावते, की जेथे मराठे जिंकले त्या जगात एक मराठी माणूस मात्र हरणार आहे. तो कशामुळे हरतो? खुर्चीमुळे.

आता खऱ्या पानिपताची दुपार आठवा. 14 जानेवारी 1761. विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून लढाईच्या गर्दीत शिरले. दुरून लढणाऱ्यांनी मान वर करून पाहिले तो अंबारी रिकामी! सेनापती पडला अशी हाकाटी झाली आणि फौजेचे पाय निघाले. पराभवाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ दिली आहेत: उपासमार, बुणग्यांचे ओझे, एकटे पडलेले राजकारण, अब्दालीची राखीव फौज आणि उंटांवरच्या तोफा. ती सगळी खरीच. पण प्रत्येक मराठी मनात कोरलेले चित्र एकच आहे, ते रिकाम्या अंबारीचे.

नारळीकरांनी त्या चित्रासमोर दुसरे चित्र ठेवले आहे, रिकाम्या खुर्चीचे. तेथे अंबारी रिकामी दिसली आणि लढणारे पळाले. येथे खुर्ची रिकामी आहे आणि ऐकणारे शांत बसले आहेत. वरच्या आसनावर कोणी नसले तरी ज्यांचे काम अडत नाही, असे ते लोक आहेत. मला विजयी मराठी राज्य पाहायचे होते ना? ते लेखकाने दाखवलेच होते. मी शनिवारवाड्याचे नगारे ऐकायला टपून बसलो होतो, म्हणून मला ते दिसले नाही. त्या जगातला खरा विजय अटकेपार गेलेला झेंडा नव्हे. मोठ्या आसनाची भीड ज्यांनी सोडली अशी माणसे तेथे घडली, हा तो विजय. आणि त्या जगात आपल्याकडून गेलेला एकुलता एक प्रतिनिधी काय करतो, तर रिकामे आसन पाहून त्याचा जीव घाबरा होतो. 1761 च्या फौजेचा घाबरा झाला होता, तसाच. टोमॅटो पंतांवर पडत होते खरे. पण ते कोठून निघून कोठे पोचत होते हे मला कळायला एवढी वर्षे लागली.

हे लिहिताना मला आमच्याच भागातली एक सभा आठवते. गणेशोत्सवातले व्याख्यान होते, बाहेरगावचे अभ्यासू वक्ते होते आणि विषय, योगायोग पाहा, पानिपतच होता. दीपप्रज्वलन झाले, वाऱ्याने दीप विझला, पुन्हा प्रज्वलन झाले. स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. त्यानंतर, आपण दोनच शब्द बोलणार असे सांगून अध्यक्ष उठले आणि त्यांनी शिवकालापासून सुरुवात केली. वक्त्यांच्या हाती ध्वनिवर्धक आला तेव्हा बायाबापड्या पेंगुळलेली मुले खांद्यावर टाकून घरी निघाल्या होत्या. वक्ते भले गृहस्थ; घाईघाईने दिल्ली घेतली, कुंजपुऱ्याला पोचले, इतक्यात चिठ्ठी गेली. त्या रात्री भाऊसाहेब कुंजपुऱ्याच्या पुढे सरकलेच नाहीत. पानिपत टळले म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने! हा प्रसंग मी हसून सांगतो खरा. पण आभार मानायचे काम माझ्याकडे होते आणि मी ते वीस मिनिटे मानले, हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. गंगाधरपंतांवर रागावायचे एक कारण बहुधा हेही असेल. आरशावर कोण खूष असतो?

इतिहासात विनोद मिसळणे मात्र सोपे नाही, आणि तो बिघडतो कसा याचे एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनी 1966 साली एक कादंबरी प्रसिद्ध केली, 'ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट'. तीत पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी वेगवेगळे काळ नांदू लागतात; एकीकडे चालू वर्ष, दुसरीकडे पहिले महायुद्ध, तिसरीकडे प्राचीन ग्रीस. शिष्याने काळाशी खेळण्याचे धाडस कोठून घेतले असेल याचा अंदाज येतो. त्याच 1966 साली बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या विज्ञानमालिकेत 'द गनफायटर्स' ही चार भागांची कथा झाली. काळात प्रवास करणाऱ्या डॉक्टरांची दाढ दुखते, ते 1881 च्या अमेरिकेत टूमस्टोन गावी उतरतात, आणि दात काढणारा भेटतो तो नेमका डॉक हॉलिडे, प्रसिद्ध बंदूकबाज. कल्पना झकास आहे. पण पुढे एकीकडे माणसे गोळ्या लागून मरत राहतात आणि दुसरीकडे एक गाणे मधूनमधून मजेत वाजत राहते. हसू आणि मरण एकमेकांकडे पाठ करून बसतात. शेवटच्या भागाला प्रेक्षकांच्या पसंतीचे शंभरात तीसच गुण मिळाले, आणि त्या मालिकेतल्या निव्वळ ऐतिहासिक कथाही थोड्याच महिन्यांत थांबल्या. त्या चार भागांत दाढेचा आणि त्या लढाईचा काही संबंध जुळत नाही. खुर्चीचा आणि अंबारीचा जुळतो. विनोद इतिहासात उपरा वाटतो की घरचा, हे अशा संबंधावर ठरते.

नारळीकरांनी तो संबंध कथानकातही पक्का केला आहे. पंतांनी ग्रंथालयातली बखर नकळत खिशात घातलेली असते. आझाद मैदानाच्या धक्काबुक्कीत ती हरवते आणि एक फाटके पान तेवढे उरते. विश्वासरावांच्या गोळीचा मजकूर नेमका त्याच पानावर असतो, आणि पंत खरोखर दुसऱ्या जगात गेले होते याचा तो एकच पुरावा. म्हणजे प्रहसन काढून टाकले तर पुरावाही जातो. मी टाकाऊ समजत होतो त्या प्रसंगावरच कथा उभी आहे.

याचा अर्थ माझे सगळे आक्षेप विरले असा नाही. पुन्हा वाचतानाही तीन गोष्टी खटकल्या. विजयानंतरचे दीडदोनशे वर्षांचे राज्य आपल्याला ग्रंथालयाच्या टेबलावर, सारांशाने कळते. ते रस्त्यावर फारसे भेटत नाही. दुसरे, तो इतिहास फारच शहाणा आहे. पेशवे दिल्लीचा बादशहा नामधारी ठेवतात, विज्ञानाची केंद्रे काढतात, पुढे लोकशाहीही सुखाने येते. घराघरांतल्या भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला इतके सुरळीत काही झाले असेल यावर विश्वास ठेवणे जड जाते, आणि विश्वासाचे आपल्याकडे काय झाले ते वर सांगितलेच आहे. तिसरे, शेवटी राजेंद्र देशपांडे पंतांना जे समजावून सांगतात ते तासाच्या घंटेआधी धडा संपवणाऱ्या शिक्षकासारखे होते. परिस्थिती एका टोकाला येऊन ठेपली, की अगदी लहान कारणाने ती या किंवा त्या बाजूला कोसळते, हे आपत्तिसिद्धांताचे म्हणणे रणांगणाला चपखल बसते. पण अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या अनिश्चिततेवरून लाख माणसांच्या लढाईपर्यंत मारलेली उडी मोठी आहे. कथेला ती माफ असते. फक्त उडी मारताना एवढे बोलू नये.

याउलट, एक लहानशी गोष्ट मी पूर्वी पाहिलीच नव्हती. गाडीत पंतांशेजारी एक खानसाहेब आहेत. ते मुंबईहून दिल्ली, लाहोर करीत पेशावरला निघाले आहेत. सहज, जसे आपण परभणीला जातो तसे. त्या जगात फाळणी झालेली नाही हे लेखक कोठेही ओरडून सांगत नाही. एका प्रवाशाच्या तिकिटावर लिहून ठेवतो. 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या मराठवाड्यात, सरहद्दी बदलल्या म्हणजे घराघरांत काय बदलते हे ठाऊक असलेली पिढी मी पाहिली आहे. त्या तिकिटापाशी मी बराच वेळ थांबलो.

आणि मग लेखकाकडे पाहिले. 1974 साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून प्रत लिहून घेतली. तोवर साऱ्या देशात त्यांचे नाव झालेले होते. ते नाव बाजूला ठेवून, निव्वळ मजकूर वाचला जावा असे त्यांना वाटले. 'कृष्णविवर'ला पहिले बक्षीस मिळाले ते असे. अध्यक्ष नको, आम्हांला वक्त्याला ऐकायचे आहे, असे म्हणणारे आझाद मैदानावरचे श्रोते कोणाच्या मनातून आले, हे यावरून कळते.

पुढे कालाने एक खोडी काढली. 2021 साली नाशिकला भरलेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकर निवडले गेले. मराठी लेखकाला याहून उंच खुर्ची नाही. डिसेंबरात संमेलन भरले, मांडव सजला, आणि प्रकृतीमुळे अध्यक्ष येऊ शकले नाहीत. त्यावर वाद झाला, कोणी नाराजी बोलून दाखवली. संमेलन मात्र झाले. पुस्तके विकली गेली, कविता वाचल्या गेल्या, अध्यक्षांचे विचार त्यांच्यावाचून लोकांपर्यंत पोचले. खुर्ची रिकामी होती आणि कोणी पळाले नाही. ज्याने ही कथा लिहिली त्याच्याच वाट्याला ती खुर्ची यावी, आणि ती रिकामी राहावी! कथेच्या शेवटी गंगाधरपंत हजारावे अध्यक्षीय भाषण नाकारतात. मला पूर्वी ते हरलेल्या माणसाचे रुसणे वाटले होते. आता वाटते, की पानिपतावरून शहाणा होऊन परतलेला तो माणूस आहे.

माझे भांडण असे मिटले. एवढेच सांगायचे राहिले, की यंदाच्या व्याख्यानाला आभार मानायचे काम पुन्हा माझ्याकडे आले होते. मी उठलो, वक्त्यांना नमस्कार केला आणि खाली बसलो. लोक क्षणभर गोंधळले. मग कोणीतरी मागून एक प्रश्न विचारला, वक्त्यांनी उत्तर दिले, दुसरा प्रश्न आला, आणि सतरंज्या गुंडाळणारी पोरेसुद्धा ऐकत उभी राहिली.